एक पेशंट, चार नातेवाईक

'पेशंटसोबत फक्त एक नातेवाईक' अशी पाटी डॉक्टर अपेक्षा तायडेंच्या दारावर लाल अक्षरांत लावलेली होती. खुशालराव आमल्यांनी ती मोठ्यानं वाचली, असले नियम दुसऱ्यांच्या घरांसाठी असतात असं मनाशी ठरवलं आणि दार ढकललं. आधी ते स्वतः शिरले, मग त्यांची आई पार्वताबाई, मग बायको संध्या. सकाळपासून कोपऱ्यातल्या बाकावर वेगळी बसलेली धाकटी सून रागिणी उठून त्यांच्या मागून आली. ज्याच्यासाठी हा सगळा जथा भातकुलीहून अकोल्याला आला होता, तो तिचा नवरा, म्हणजे खुशालरावांचा धाकटा भाऊ शेखर, सगळ्यांत शेवटी आत आला. तोवर खुर्च्या संपल्या होत्या.

"पेशंट कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

चार बोटं एकदम मागे वळली.

"तो उभा आहे. त्याला बसू द्या."

कोणी हललं नाही. शेवटी संध्या उठली, कारण त्या घरात कोणीतरी उठायचं असलं की संध्याच उठते. बावीस वर्षांत हा नियम एकदाही मोडलेला नाही.

यायचं कारण साधं होतं. रागिणीनं परवा अकोल्यातल्या माहेरून फोन केला होता आणि तो फोन खुशालरावांनी मुद्दाम स्पीकरवर टाकला होता, म्हणजे ती काय बोलते ते चारचौघांत राहावं. ती काय बोलली ते मग चारचौघांत राहिलंच. "शनिवारी अकोल्याले दवाखान्यात घेऊन या त्याहिले. डॉक्टरनं सांगतलं का अजून पिऊन राहिले, तर मी सोमवारी वकिलाकडं जातो. मंग मले समजवायले कोनी येऊ नका."

नवरात्र आठ दिवसांवर आलं होतं. शेतात दोन एकर झेंडू तोडणीला आला होता आणि मजूर मिळत नव्हते. खुशालरावांचा जीव अर्धा त्या झेंडूत होता, अर्धा भावात. आता खरं सांगायचं तर अर्ध्याहून थोडा जास्त झेंडूत होता, पण माणूस वाईट नाही.

"शेखर, मी तुम्हाला काही प्रश्न विचारते," डॉक्टर म्हणाल्या. वय असेल चौतीस-पस्तीस. आवाज असा शांत, की भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत व्हावी. "उत्तर तुम्हीच द्यायचं. किती वर्षांपासून पिता?"

"बारा," शेखर म्हणाला.

"पंधरा," खुशालराव म्हणाले.

"लग्नाच्या आधी थेंब नव्हता घेत माहा लेक," पार्वताबाई म्हणाल्या. हे वाक्य कोणाकडे रोखलेलं होतं ते सगळ्यांना कळलं. रागिणी खिडकीबाहेर बघत राहिली.

"रोज किती?"

"एक क्वार्टर."

रागिणीनं खिडकीवरची नजर न काढता तीन बोटं वर केली.

"तीन," शेखर म्हणाला.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. सकाळी उठल्याबरोबर लागायची का? हात थरथरायचे का? कमी करायचा प्रयत्न केला होता का? कोणी टोकलं की राग यायचा का? शेखर एकेक उत्तर देत होता आणि प्रत्येक उत्तराला मागून दुरुस्ती येत होती. दवाखान्यात पेशंट तपासतात असं आपण समजतो, पण त्या खोलीत आमल्यांच्या घराचाच बारा वर्षांचा पंचनामा चालला होता.

"आणि आता? आता किती घेता?"

"आता नाही घेत."

खुशालराव हसले. पार्वताबाईंनी पदर तोंडाला लावला. संध्यानं फरशीकडे पाहिलं.

"शेवटची कधी घेतली होती?"

"सदुसष्ट दिवस झाले," शेखर म्हणाला. "आजचा धरून अडुसष्ट."

"बाप्पा! दिवस मोजून राहिला!" खुशालराव म्हणाले. "डॉक्टर मॅडम, हा खोटा बोलून राहिला. रोज दिवेलागणीनंतर अर्ध्या घंट्यात याचं तोंड लालबुंद होते. डोळे लाल, छाती धडधडते, पंख्याखाली जाऊन बसते. तोंडाले वास येते तो वेगळाच. आन सगळ्यात मोठा पुरावा म्हंजे हा पाया पडून राहिला."

"पाया?"

"माह्या पाया पडला! म्हने दादा, चुकलंमाकलं माफ कर. चार वर्षांपूर्वी नेलेला फवारणीचा पंप घासूनपुसून वापस आनून देला. ठिबकच्या कोणत्या कॉकले काय करायचं ते वहीत लिहून देलं. हिले म्हने वहिनी, तुमच्या हातची भाजी लय चांगली राहते."

"खरंच म्हनले," संध्या म्हणाली. "माह्या हातातला डाव खाली पडला."

"आता सांगा," खुशालरावांनी दोन्ही हात पसरले, "शुद्धीवरचा मानूस असं करते काय?"

पार्वताबाई हे सगळं मान ताठ ठेवून ऐकत होत्या. दारूच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, हे नुसतं घराला नाही तर गावाला माहीत होतं. सतरा वर्षांपूर्वी गावातलं दुकान बंद करायला बायांचं मतदान झालं, तेव्हा आडव्या बाटलीवर शिक्का मारायला दोनशे बाया घराघरातून काढून आणणारी हीच बाई. पेपरात फोटो आला होता. तो फोटो अजून देवघराशेजारी आहे. आणि तिच्याच पोटच्या पोरानं हे असं करावं! त्यांना लोकांची लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त वाटत होती भीती. शेखरचे वडील शेषराव असेच पन्नाशीच्या आत गेले होते. दारूनं नाही, पण गेले होतेच.

"ठीक आहे," डॉक्टरांनी खणातून एक यंत्र काढलं. मोबाईलएवढं होतं आणि त्याला एक पांढरी नळी लावलेली होती. "श्वासातली दारू यात कळते. शेखर, जोरात फुंका."

शेखरनं फुंकलं. यंत्र वाजलं. डॉक्टरांनी ते सगळ्यांना दिसेल असं धरलं. शून्य.

"सकाळी कसा घेईन तो?" खुशालराव म्हणाले. "संध्याकाळी फुंकायले लावा. आन ह्या मशीनचा काय भरोसा? आमच्या मोंढ्यातला वजनकाटाही शून्यच दाखवते."

"एखाद्या चांगल्या मानसावर लावून पाहा आंधी," पार्वताबाई म्हणाल्या आणि उठल्याच. "आना इकडं. मी फुंकतो. जलमात थेंबाले शिवली नाही मी. माह्यावर शून्य आलं तर खरं धरू."

या तर्कात एक मोठी खोट होती, पण ती कोणाच्या लक्षात येण्याआधी डॉक्टरांनी नळी बदलली आणि पार्वताबाईंनी गाल फुगवून असं फुंकलं की टेबलावरचे दोन कागद उडाले.

यंत्र वाजलं. वाजतच राहिलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला, मग पार्वताबाईंकडे पाहिलं, मग पुन्हा आकडा.

"आजी, तुम्ही आता बाहेर बसला होता तेव्हा काही घेतलं?"

"काय घेईन मी? पानी."

"आणि?"

"आन टॉनिक. गाडीत मळमळलं म्हनून दोन घोट." त्यांनी पिशवीत हात घातला आणि वांग्यांच्या खालून एक बाटली काढली. वांगी डॉक्टरांना भेट द्यायला आणली होती. "आयुर्वेदिक हाय. अशक्तपनाचं."

डॉक्टरांनी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. "यात आसव आहे. ते आंबवून बनवतात, त्यामुळे त्यात अल्कोहोल तयार होतं. इथं छापलंय बघा. अल्कोहोल म्हणजे दारूत जे असतं ना आजी, तेच."

संध्यानं मान पुढे करून ती अक्षरं वाचली.

"किती दिवस पुरते बाटली?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिले महिना जाये."

"आता?"

पार्वताबाईंनी पदर सारखा केला. "आता आठ दिवस."

"नाही मिळाली तर?"

"तर झोप नाही येत. आन चिडचिड होते." असं म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांच्या कानावर पडलं. मघाशी शेखरला विचारलेले प्रश्न हेच होते. "अवं माय!" असं म्हणत त्या खाली बसल्या. त्या खुर्चीवर संध्या नुकतीच टेकली होती, ती वेळेवर उठली म्हणून बरं.

डॉक्टरांनी दुसरा केस पेपर काढला आणि वर नाव लिहिलं, पार्वताबाई शेषराव आमले. आडव्या बाटलीच्या पुढारीणबाईंचा व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात केस पेपर! खुशालराव छताकडे बघत राहिले. गावात ही गोष्ट कळली तर तोंड लपवायला झेंडूच्या शेतातच जाऊन बसावं लागेल इतकी पंचाईत होती.

"आठ दिवसांत संपायचं कारण निराळं हाय," पार्वताबाई घाईनं म्हणाल्या. "मी एकटी थोडीच पेतो. शेखरलेही देतो ना. रोज दिवेलागणीले अर्धी वाटी. दोन महिन्यांपासून किती वाळला तो, पाहा."

"शेखरला देता?" डॉक्टरांचा पेन थांबला. "रोज?"

"लेकरू हाय माहं."

"म्हनून वास येते," रागिणी पहिल्यांदाच बोलली. तिनं खिडकी सोडली होती.

"वासाचं कळलं," डॉक्टर हळू म्हणाल्या. "पण अर्ध्या वाटीनं तोंड लाल होत नाही, छाती धडधडत नाही. जो माणूस रोज तीन क्वार्टर पचवायचा त्याची तर नाहीच. शेखर, बारा वर्षांत कधी असं लाल व्हायचा का तुम्ही?"

"कधीच नाही. आखाडापासून चालू झालं."

"मग खुशालराव, लाल झाला म्हणजे प्यायला, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

खुशालरावांनी आईकडे पाहिलं. आईनं वांग्यांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून संध्याकडे पाहिलं, आणि इथंच त्यांचं चुकलं.

संध्या आमले ही शांत बाई. स्वयंपाक, गोठा, फुलांच्या माळा, पाहुणे, सगळं तिच्याकडे आणि निर्णय मात्र एकही नाही. पण ज्याच्यात आपलं मत विचारलं नाही त्याचा आळ आपल्यावर येतोय, हे तिला त्या दोन नजरांत स्पष्ट दिसलं आणि तिचं डोकं फिरलं.

"माह्याकडं काहून पाहून राहिले?" ती म्हणाली. "गोळ्या आनल्या तुमी. चहात टाकल्या आईनं. मी फक्त खलबत्त्यात कुटून देल्या!"

"कोणत्या गोळ्या?" डॉक्टर आणि रागिणी एकदम म्हणाल्या.

"दारू सोडाच्या," संध्या म्हणाली. आता तिला थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं. "अमरावतीहून आनल्या ह्याहिनं. एका दुकानदारानं देल्या, चिठ्ठी ना काही. तो म्हने त्याले सांगू नका, सकाळच्या चहात टाका. दारू पेला का लाल होईन, धडधडन, ओकारी होईन, मंग आपोआपच सोडन. पहिले एक टाकत होतो. मंग आई म्हने हा लाल होऊनही सोडून नाही राहिला, दोन टाक. श्रावणापासून दोन चालू हाय!"

"मी नाही म्हनलं दोन," पार्वताबाई म्हणाल्या. "खुशाल म्हने."

"माय! मी म्हनलो? तूच म्हनली का याचं कातडं जाड हाय म्हनून!"

"आन मले म्हनले रागिणीले सांगू नको, ते नवऱ्याजवळ फोडन," संध्यानं शेवटचंही सांगून टाकलं. तिचा चेहरा असा मोकळा झाला होता, जसा पाहुणे गेल्यावर होतो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या शांत आवाजात आता धार आली होती. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? या गोळ्या चांगल्या आहेत, मीही देते. पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं, हृदय आणि लिव्हर तपासून. ही गोळी पोटात असताना दारूचा थेंब गेला तर शरीर भडकतं. सकाळी तुम्ही त्याला गोळी देत होतात, आणि संध्याकाळी तुम्हीच त्याला दारू पाजत होतात. तो लाल झाला की अजून एक गोळी. एखाद्या दिवशी जीव गेला असता त्याचा. औषध घेऊन मेला असता, आणि तुम्ही म्हणाला असतात दारूनं मेला."

पार्वताबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. रडण्यात नाटक नव्हतं. त्या हातातली बाटली अशी धरून बसल्या होत्या की ती ठेवावी कुठं हेच त्यांना समजत नव्हतं. खुशालरावांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला.

शेखरकडे मात्र कोणाचं लक्ष नव्हतं. तो खुर्चीत ताठ बसला होता. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी दुसरंच होतं.

"म्हंजे मी मरून नाही राहिलो?" तो म्हणाला.

सगळे वळले.

"आखाडात माहा दोस्त शुभमच्या शेतात बसलो होतो," तो डॉक्टरांना सांगू लागला, पण बघत होता जमिनीकडे. "पहिलाच पेग. अंगात आग पेटली, छाती अशी धडधडाले लागली का मले वाटलं गेलो. हार्टची पट्टी काढली अमरावतीले. नॉर्मल आली. पन मी म्हनलो, कागदाले काय समजते. मी भेलो आन सोडली. एका दिवसात सोडली. हात कापत होते, रात्रभर झोप नाही, पन सोडली. तरी रोज दिवेलागणीले तेच! आता तर पेतही नव्हतो. मंग समजलं, का आपलं हार्टच गेलं. बाबाचं गेलं तसं."

बाबा म्हणजे शेषराव. ते वांग्याच्या वाफ्यात कोसळले तेव्हा शेखर अकरा वर्षांचा होता आणि त्यांच्यासोबत एकटा होता. पाणी आणायला धावला होता. तो पाण्याचा तांब्या घेऊन परत आला तोवर सगळं संपलं होतं. या घरात त्यावर कधी कोणी बोललं नाही. दारूवर मात्र बारा वर्षं रोज बोलत होते.

"म्हनून पाया पडला?" खुशालरावांनी विचारलं.

"म्हनलं जाताना पंप तरी वापस देऊन जावं."

संध्याला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी ते फुटलंच. मग खुशालराव हसले, रडता रडता पार्वताबाई हसल्या, आणि शेखरही हसायला लागला. जिवंत असल्याची बातमी एवढ्या उशिरा मिळालेला माणूस दुसरं काय करणार?

रागिणी हसली नाही. ती उभी होती आणि तिच्या डोक्यात पोळ्याचा दुसरा दिवस फिरत होता. अंगणात त्यांची मुलगी आचल लाकडी बैल सजवत होती आणि शेखर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला होता, तू घरात नसली तर माह्या जीवाले बरं वाटन. पोरीले घेऊन जा. अकोल्याच्या शाळेत टाक. वापस येऊ नको. इतक्या वर्षांत दारू पिऊनही तो असं कधी बोलला नव्हता. तीन आठवडे ते वाक्य ती रोज गिळत होती.

"पोळ्याच्या पाडव्याले तुमी मले जे बोलले," ती म्हणाली, "ते काहून बोलले?"

शेखरनं मान खाली घातली.

"तोंड वर करा. काहून बोलले?"

"आचलनं पाहू नाही म्हनून," तो म्हणाला. "मी पडलो असतो अंगणात, आन तिच्या हातात पान्याचा तांब्या राहिला असता. आन तू गेली असती रागानं, तर कमी रडली असती."

रागिणीचा संताप उसळला. बारा वर्षं खोटं बोलणारा हा माणूस पहिल्यांदा तिच्यासाठी खोटं बोलला होता, आणि त्यातही तिलाच बाहेर काढलं होतं. "मूर्ख हाय तुमी," ती म्हणाली. "एक नंबरचे मूर्ख हाय." आणि मग ती रडली, सगळ्यांसमोर, नाक पुसत.

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. मग सांगायला सुरुवात केली. चहातली गोळी आजपासून बंद, पण तिचा असर अजून दोन आठवडे अंगात राहणार. तोवर आसव नाही, खोकल्याचं पातळ औषध नाही, दारूचा थेंब असलेलं काहीच नाही. आजच हृदयाची पट्टी पुन्हा काढायची, रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं. त्यानंतर कोणती गोळी लागते ते शेखरला समजावून, त्याची सही घेऊन ठरवायचं. दर शनिवारी यायचं, नुसतं औषधाला नाही, बोलायलाही. आजींचं टॉनिक एकदम तोडायचं नाही. दर दोन दिवसांनी कमी करत न्यायचं, त्यांचाही पेपर चालू राहील. खुशालरावांनी कोणाच्याही चहात काहीही टाकायचं नाही, साखरसुद्धा विचारून टाकायची.

"गोळी द्याले मी घरी हाय ना," पार्वताबाई म्हणाल्या.

चौघांनी एकाच वेळी नाही म्हटलं. त्या घराचं इतकं एकमत याआधी कधी झालेलं नाही.

"मंग रागिणी देईन," खुशालराव म्हणाले.

"मी नाही देनार," रागिणी म्हणाली. "बारा वर्षं मी खिसे तपासले, तोंडाचे वास घेतले, कपाटामागच्या बाटल्या काढल्या. मी त्याह्यची बायको हाय का जमादार? गोळी त्याहिनं स्वतः घ्यावी. नाही तर नाही घ्यावी."

डॉक्टरांनी मान हलवली, जणू त्या याचीच वाट बघत होत्या. "बरोबर आहे. आणि आता मी शेखरला एक अवघड गोष्ट सांगते. सदुसष्ट दिवस तुम्ही मरायच्या भीतीनं दारू सोडली होती. ती भीती आज, या खोलीत, संपली. म्हणजे तुम्हाला आवरणारं जे होतं ते गेलं. खरा इलाज आता सुरू होतो."

हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. खोलीतलं हसू विरलं. रागिणीनं परवा फोनवर जे सांगितलं होतं ते अजून तसंच उभं होतं. सोमवार परवावर होता आणि वकिलाचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये होता.

"म्हणून शेवटचा प्रश्न," डॉक्टर म्हणाल्या. "शेखर, आत्ता, या मिनिटाला प्यायची इच्छा किती आहे? शून्य म्हणजे अजिबात नाही. दहा म्हणजे इथून उठून सरळ दुकानात."

"शून्य म्हन," खुशालराव पुटपुटले.

"एक म्हन," पार्वताबाई कुजबुजल्या. "शून्य खोटं वाटते."

संध्यानं न बोलता तीन बोटं दाखवली.

शेखरनं कोणाकडे पाहिलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग रागिणीकडे बघून म्हणाला, "नऊ."

खुशालरावांनी कपाळावर हात मारला. पार्वताबाईंनी डोळे मिटले. "अरे, किती भोळा हाय हा," त्या म्हणाल्या.

रागिणी हलली नाही. बारा वर्षं तिनं याच्या तोंडून आकडे ऐकले होते. एकच घेतली. दोनच घोट. अर्धीच होती. पाचच मिनिटांत येतो. एकही आकडा खरा निघाला नव्हता आणि एकही मोठा नव्हता. वकिलाकडे जायची धमकी समोर असताना कोणी नऊ म्हणत नाही. खोटं बोलणारा माणूस दोन म्हणतो.

"आन काल किती होती?" तिनं विचारलं.

"काल दोनच होती. काल मराचं होतं ना." शेखर म्हणाला. "आज जगाचं हाय असं समजलं, आन एकदम नऊ झाली. मले भेव लागून राहिलं, रागिणी."

रागिणीनं पिशवी खांद्याला लावली. "भाऊजी," ती खुशालरावांना म्हणाली, "गाडी घेऊन तुमी निघा. हे इथंच राहतीन, माह्या बाबाच्या घरी. आचलची शिकवणी सुटते चार वाजता, ते जातीन तिले आनाले."

"अवं पन झेंडू..." खुशालराव म्हणाले.

"झेंडू तुमी तोडा."

खुशालरावांनी आणखी काही म्हणायच्या आधी संध्यानं त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. बावीस वर्षांत दुसऱ्याला उठवायची तिची ही पहिलीच वेळ होती. शेखर मात्र बसूनच होता, उठू का नको ते न समजल्यासारखा. रागिणी त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"आठ झाली का मले सांगा," ती म्हणाली. "आन दहा झाली, तरी मलेच सांगा."